बॅटरीवरचे कुंकू

दिल्लीला मी आयुष्यात तीन वेळा गेलो. पहिल्या दोन वेळी लष्कराने नेले. तिसऱ्या वेळी सुनेने पाठवले. पहिल्या दोन प्रवासांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. एका छावणीतून दुसऱ्या छावणीत गेलो आणि परतलो. तिसऱ्याविषयी लिहितो, कारण आमच्या कोरेगाव तालुक्यातील पुष्कळ मुले आज तिकडे कामाला आहेत आणि त्यांच्या आईवडिलांना तो मुलूख कसा आहे हे ठाऊक नाही. दुसरेही एक कारण आहे. ते ओघात येईल.

माझा मुलगा विलास सैन्यात सतरा वर्षे होता. माझी सेवाही सतराच वर्षांची. लष्करी वाहनांची दुरुस्ती करणारा हवालदार म्हणून मी निवृत्त झालो, गावी परतलो आणि एसटीच्या थांब्याजवळ गाड्या व बॅटऱ्या दुरुस्तीचे दुकान घातले. त्यानेही परतावे अशी माझी अपेक्षा होती. तो परतला नाही. दिल्लीच्या छावणीतून सुटला तो सरळ मानेसरला गेला, पिकअप घेतली आणि तिथल्या कारखान्यांचा माल वाहू लागला. गाडीच्या पूजेला या, असे त्याने कळवले होते. मी गेलो नाही. त्यानंतर लग्नकार्यात किंवा मयतीला आम्ही समोरासमोर येत असू आणि आवश्यक तेवढे बोलत असू. गाडीला दहा वर्षे झाली, तेव्हा आमच्या अबोल्यालाही दहा झाली होती.

दिल्ली आणि तिच्या भोवतालचे जिल्हे मिळून जो टापू होतो त्याला तिकडे सर्वजण एनसीआर म्हणतात. त्या टापूत दहा वर्षे पूर्ण झालेले डिझेलचे वाहन रस्त्यावर आणता येत नाही. आणल्यास उचलून नेतात आणि ते भंगारात जाते. तेच वाहन दुसऱ्या राज्यात चालते. त्यासाठी परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला घ्यायचा आणि मुदतीच्या आत हद्दीबाहेर पडायचे. विलासच्या गाडीची मुदत त्या आठवड्यातील गुरुवारी संपत होती.

सून सुनंदा नातीला घेऊन उन्हाळ्यातच गावी आली होती. नातीचे नाव गावच्या शाळेत घातले होते. मागून विलासने गाडी आणायची आणि तिच्यातून भाजीपाला पुण्याला न्यायचा, असे नवराबायकोचे ठरले होते. रविवारी तो जिन्यात घसरला आणि त्याचा उजवा हात मोडला. ज्या चालकाला बोलावले त्याने नकार दिला. वाटेत गाडी पकडली तर आपला परवाना अडकेल, अशी त्याला भीती होती.

त्या रात्री सुनंदा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आबा, गाडी गेली तर ते इथं येऊन करतील काय? रिकाम्या हातानं यायचे नाहीत ते. मला माहीत आहेत."

मलाही माहीत होते. माझे वय चौऱ्याहत्तर. वाहनाचा परवाना मात्र चालू होता. सोमवारी मी पुण्याहून रेल्वेत बसलो.

मंगळवार. निजामुद्दीन ते मानेसर

श्रावणातील दिल्लीची हवा ओल्या घोंगडीसारखी असते. पाऊस पडून गेलेला असतो आणि गारवा नसतो. स्थानकाबाहेरून मेट्रो धरली आणि दोनदा बदलून गुरुग्रामच्या टोकाला उतरलो. मेट्रोत एका मुलीने मला जागा दिली आणि बसेपर्यंत माझी पिशवी धरून ठेवली. पिशवीत पाने, पक्कड आणि मीटर होते. "अंकल, इसमें पत्थर हैं क्या?" तिने विचारले. दिल्ली उद्धट आहे असे आपल्याकडे म्हणतात. मला तसा अनुभव आला नाही.

पुढे भाडे वाटून घ्यायच्या रिक्षात नऊ माणसे होती. बहुतेकांच्या गळ्यात कारखान्याची ओळखपत्रे. आपल्याकडे अनोळखी माणसाला प्रथम गाव विचारतात, मग आडनाव. इथे शेजारच्याने विचारले, "कौन सी कंपनी, ताऊ?" वडीलधाऱ्याला तिकडे ताऊ म्हणतात. कोणतीच नाही, असे सांगितल्यावर त्याने चेहरा दुसरीकडे वळवला. कंपनी नसलेल्या माणसाशी पुढे काय बोलावे हे त्याला सुचले नसावे.

विलास चौकात उभा होता. हात गळ्यात बांधलेला. डाव्या हाताने माझ्या पायांना स्पर्श केला.

"आबा, तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

"गाडी कुठे आहे?"

"पहले जेवून घ्या. मग दाखवतो."

"पहले नाही. आधी."

"अच्छा. आधी जेवून घ्या."

मी गाडीकडे गेलो.

तो राहत होता ते पूर्वीचे खेडेगाव. शेते कारखान्यांत गेली, घरे उरली. घरमालक चौधरी यांनी जमिनीच्या जागी वीस खोल्या बांधून भाड्याने दिल्या होत्या. ते दिवसभर दाराशी खाटेवर हुक्का घेऊन बसत. त्यांच्या खाटेसमोर गल्लीत पांढरी पिकअप उभी होती. मी तिला प्रथमच पाहत होतो. एक फेरी मारली. टायर चांगले होते, इंजिनाचे तेल वेळेवर बदललेले होते, हौद्याला गंज नव्हता. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झाले, परंतु फिरताना थोडे जड वाटले.

या गाडीची बॅटरी हौद्याखाली, चालकाच्या बाजूला, पत्र्याच्या झाकणाआड असते. ते झाकण मी उघडले नाही. अडतीस वर्षे बॅटऱ्यांचे दुकान चालवलेल्या माणसाने ते उघडायला हवे होते. दहा वर्षांनी आल्या आल्या मुलाच्या गाडीत खोट शोधणे मला बरे वाटले नाही. ही माझी चूक. तिची किंमत गुरुवारी कळली.

रात्री खानावळीतून डाळ-रोटी आली. विलास डाव्या हाताने जेवत होता आणि रोटी त्याला तुटत नव्हती. मी आणलेली भाकरी कुस्करून त्याच्या ताटात टाकली, शेंगदाण्याची चटणी वाढली. त्याने रोटी बाजूला सारली आणि भाकरी संपवली.

बुधवार. मानेसर

सकाळी सहाला मानेसर जागे होते. कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक येतात, एकाच रंगाचे सदरे घातलेली माणसे त्यांत चढतात आणि उंच भिंतींच्या आत नाहीशी होतात. पाठीमागे अरवलीच्या टेकड्या आहेत. आपल्या सह्याद्रीपुढे त्या उतरंडीसारख्या वाटतात, परंतु पावसात हिरव्या होतात. त्यांच्याकडे पाहणारा मला कोणी दिसला नाही.

दिवस दाखल्यात गेला. खिडकीवरच्या बाबूने दोनदा उद्या या म्हटले. दोन्ही वेळा विलास शांतपणे म्हणाला, "साहब, मेरे पास कल नहीं है।" चार वाजता शिक्क्यासह दाखला हातात पडला.

संध्याकाळी सामान भरले. कपाट, शीतकपाट, सुनंदाचे शिवणयंत्र, नातीची सायकल. चौधरी खाटेवरून पाहत होते.

"रै फौजी, मेरे भतीजे का कबाड़ का काम सै," ते म्हणाले. "ना जा पावै तो बता दियो। परसों तै यो गाड्डी ना सै, लोहा सै।"

ते हसत होते, परंतु परवापासून ही गाडी म्हणजे नुसते लोखंड, या त्यांच्या सांगण्यात खोटे काही नव्हते. विलासने ताडपत्रीची दोरी दातांत धरून घट्ट ओढली.

गुरुवार. मानेसर

साडेसहाला मी चालकाच्या जागेवर बसलो आणि किल्ली फिरवली. टक् असा एक आवाज आला. समोरचे दिवे मिणमिणले. पुन्हा फिरवली. टक्.

इंजिनाला पहिला फेरा देणाऱ्या मोटारीला तिकडे आणि आपल्याकडेही सेल्फ म्हणतात. सेल्फ फिरत नव्हता.

"बॅटरी गेली," विलास म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "दोन वर्षं झाली तिला. नवीन टाकू या."

"दुकाने कधी उघडतात?"

"साडेदहा. अकरा."

आपल्याकडे गॅरेजवाला आठला दार उघडून उदबत्ती लावतो. दिल्लीकडे बाजाराची सकाळ अकराला होते. एनसीआरची राजस्थानातील हद्द शंभरेक किलोमीटरवर होती, वाटेत पावसाचे पाणी साचले होते.

"धक्का मारू," विलास म्हणाला. "चार माणसं गोळा करतो. सुरू झाली की बंदच करायची नाही."

"आणि वाटेत बंद पडली तर? भर रस्त्यात पुन्हा माणसे गोळा करशील?"

मी खाली उतरलो आणि झाकण उघडले.

बॅटरीला शिशाचे दोन खांब असतात. त्यांना तारांची जी कडी घट्ट बसवतात त्यांना टर्मिनल म्हणतात. इथे टर्मिनल दिसतच नव्हती. त्यांच्या जागी पांढरट हिरव्या क्षाराचे मुठीएवढे दोन गड्डे उगवले होते. मी मीटर काढले. थेट खांबाला लावले तेव्हा काटा साडेबारा व्होल्टवर उभा राहिला. टर्मिनलला लावून विलासला किल्ली फिरवायला सांगितले. काटा निम्म्याखाली पडला. वीज बॅटरीत होती. तिला बाहेर पडायला वाट नव्हती.

"बॅटरी चांगली आहे," मी म्हणालो. "टर्मिनल आणि तारा बदलायच्या. मिस्त्री कोण आहे तुझा?"

मिस्त्रीचे नाव इरफान. जवळच्या नूहचा राहणारा, दुकानाच्या मागेच त्याची खोली होती. विलासने तीनदा फोन केला तेव्हा सव्वासातला तो तोंडात दातवणाची काडी धरून आला.

"फौजी भाई, सुबह-सुबह कौन मर गया?" असे म्हणत त्याने वाकून पाहिले. "अरे! यहाँ तो गोभी उगा रखी है।"

चौधरींनी खाटेवरून विचारले, "चालैगी के?"

"चलेगी चौधरी साब, अभी भतीजे को मत जगाओ," इरफान म्हणाला आणि पिशवीतून हातोडी काढली.

मी त्याचे मनगट धरले. टर्मिनलवर हातोडी मारली तर खांब आतून निखळतो आणि मग चांगली बॅटरीही फुकट जाते.

"गरम पानी लाओ," मी म्हणालो. "और मीठा सोडा।"

"ताऊ, आप मिस्त्री हो?"

"था।"

"मिस्त्री 'था' नहीं होता, ताऊ," तो म्हणाला आणि चहावाल्याकडे गेला.

त्याने किटलीभर उकळते पाणी आणि वाण्याकडून खाण्याच्या सोड्याची पुडी आणली. सोड्याचे पाणी ओतताच गड्डे फसफसले आणि ओघळू लागले. पांढरे गेले, हिरवे गेले. त्याखालून लाल रंग आला.

मी थांबलो. गंज असा नसतो. बोटाने चाचपले. लाल लगदा होता, त्यात तांदळाचे काळवंडलेले दाणे रुतले होते आणि कड्याच्या फटीत झेंडूची एक सुकलेली पाकळी अडकली होती.

"हे काय आहे?" मी विलासला विचारले.

तो वाकून पाहू लागला.

"विलास. बॅटरीवर कुंकू कोणी लावले?"

"मी. खंडेनवमीला."

"आणि पाणी? नुसत्या कुंकवाने इतके होत नाही."

"नारळाचं पाणी घालतो."

"बॅटरीवर?"

"तुम्ही घालायचात," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तुम्ही करायचात तसंच केलं. दहा वर्षं. एकदाही चुकवलं नाही, आबा."

इरफान दोघांच्या तोंडाकडे पाहत होता. "क्या हुआ?" विलासने त्याला हिंदीत सांगितले. इरफानने कपाळाला हात लावला. "दस साल से बैटरी को नारियल पानी पिला रहे हो? हम तो बीमार को पिलाते हैं।"

मला हसू आले नाही. मी सांगतो ते आता नीट वाचावे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. माझ्या दुकानात मी पाने, हातोड्या, मीटर मांडून ठेवीत असे आणि मधोमध बॅटरी. हळदकुंकू, अक्षता, फूल वाहायचे, नारळ फोडायचा आणि त्याचे पाणी बॅटरीवर शिंपायचे. लष्करातील माझे उस्ताद तसे करीत, म्हणून मीही करीत असे. विलास आठ वर्षांचा असल्यापासून शेजारी मांडी घालून बसे. पूजा झाली की खोबऱ्याचा प्रसाद घेऊन मी त्याला घरोघर पाठवी. तो गेला की गरम पाणी आणि सोडा घेऊन मी तीच बॅटरी स्वच्छ धुवी, फडक्याने कोरडी करी आणि खांबांना ग्रीस लावी. नारळाच्या पाण्यात क्षार असतात, ते शिशाला आणि तांब्याला खातात. हे मला ठाऊक होते. तो परत येईपर्यंत माझे धुऊन झालेले असे.

"मी नंतर धुवीत असे," मी म्हणालो.

"कधी?"

"तू प्रसाद वाटायला गेल्यावर."

त्याने माझ्याकडे पाहिले. "मला कधी दाखवलं नाहीत."

"नाही."

मी पाना हातात घेतला. आठ वाजून गेले होते.

प्रथम उण्या बाजूची तार सोडायची, मग अधिकाची. उण्याची तार गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते, तिला अर्थ म्हणतात. दहाचा पाना लावून मी बोल्ट हळूहळू मोकळा केला. कडे फिरवून वर उचलताना ते हातातच तुटले. तारेचे वेष्टन चिरले तर आत तांबे नव्हते, हिरवी भुकटी होती. दोन्ही तारा संपल्या होत्या. दोन्ही खांब शाबूत होते.

इरफानने दुकान उघडून तारेचे भेंडोळे आणले. रंग तांब्याचा होता. मी चाकूने एक धागा खरवडला. आतून पांढरा निघाला.

"ये ताँबा नहीं है। एल्युमिनियम पर रंग है।"

"सब यही डालते हैं, ताऊ। जयपुर तक आराम से चली जाएगी।"

"सातारा जाना है।"

त्याने डोके खाजवले. विलास त्याला काहीतरी म्हणणार होता, मी हाताने थांबवले. चांगल्या कारागिराला विचार करायला वेळ द्यावा. "वेल्डिंग वाली चलेगी?" इरफानने विचारले.

मला तेच सुचवायचे होते. वेल्डिंगच्या यंत्राची तार शुद्ध तांब्याची, जाड आणि लवचिक असते. परंतु गल्लीच्या टोकाचा वेल्डर दहाला येणार होता. आम्ही त्याच्या बंद दारासमोर उभे राहिलो. त्या दीड तासात विलासने सोळा वेळा फोनवर वेळ पाहिली. मी मोजले, कारण मला दुसरे काम नव्हते. चौधरींनी पुतण्याला फोन करून ठेवला होता. भंगाराचा टेम्पो येऊन गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. आमच्यापैकी कोणी त्याला बोलावले नव्हते आणि कोणी जा म्हटले नाही.

वेल्डर सव्वादहाला आला. इरफानने त्याला कडेला नेले, माझ्याकडे बोट दाखवून काही सांगितले. वेल्डरने वापरातल्या यंत्राची तार ओढून काढली आणि तीन तुकडे कापून दिले. एक सेल्फपर्यंत, एक सांगाड्यापर्यंत, एक सांगाड्यापासून इंजिनापर्यंत. इरफानला मी विचारले, काय सांगितलेस? "मैंने कहा, ताऊ फौज के सबसे बड़े इंजीनियर हैं। झूठ बोला। आप बुरा मत मानना।"

टोकांना तांब्याच्या टोप्या बसवून त्याने त्या ठोकून बंद केल्या आणि वर डाख दिला. त्याचा हात चांगला होता. मी तसे त्याला सांगितले नाही. पहिल्या दोन टोप्या तपासल्या, पुढच्या तपासल्या नाहीत, त्यावरून तो समजला.

मी पोते पसरून गाडीखाली शिरलो. अर्थ जिथे बसतो तिथला रंग आणि गंज घासून पत्रा चकचकीत केला. गुडघे दुखत होते. विलास डाव्या हाताने फोनचा उजेड धरून बसला होता. उजेड हलत नव्हता.

"नवीन टर्मिनल द्या इकडे," तो इरफानला म्हणाला, आणि मग हिंदीत. इरफानने दोन्ही दिली. विलासने ती बोटांनी चाचपली. अधिकाचा खांब जाड असतो, उण्याचा बारीक. अदलाबदल केली तर एक बसत नाही आणि दुसरे सैल राहते. त्याने जाड कडे आधी माझ्या हातात ठेवले. मी अधिकाची बाजू आवळली. हात पुढे केला.

"अर्थ शेवटी," तो म्हणाला आणि दुसरे दिले.

हे त्याला मीच शिकवले होते. तेवढे पुरते शिकवले होते.

बोल्ट आवळले. ग्रीस वरून लावले. बारा वाजून दहा मिनिटे झाली होती. मी वर बसलो. चौधरी खाटेवरून उठून उभे राहिले होते. टेम्पोवाला जवळ आला होता. किल्ली फिरवली.

इंजिन पहिल्या फेऱ्यात सुरू झाले.

चौधरींनी हुक्क्याची नळी खाली ठेवली. "चाल पड़ी भाई," असे म्हणून त्यांनी विलासच्या पाठीवर थाप मारली. ते मनापासून खूश दिसले. कुजलेल्या तारा इरफानने मागून घेतल्या. "दुकान में टाँगूँगा, ताऊ। लिख दूँगा, बैटरी को नहलाना मना है।"

गुरुवार. जयपूर रस्ता

धारूहेड्याला रस्त्यावर गुडघाभर पाणी होते. मालाचे ट्रक तासभर एका जागी उभे. मी इंजिन बंद केले नाही. विलासने पिशवीतून भाकरी काढली, डाव्या हाताने मोडली, चटणी लावली आणि एकेक तुकडा माझ्या हातात देत राहिला. एक हात चाकावर ठेवून मी जेवलो.

पाण्यातून बाहेर पडलो तो पोलिसाने हात केला.

"कागज़।"

विलासने कागदपत्रे काचेतून दिली. त्याने नोंदणीचे पुस्तक पाहिले, दाखला पाहिला, पुन्हा पुस्तक पाहिले.

"दस साल तो हो गए।"

"आज रात तक हैं," विलास म्हणाला.

"गाड़ी बंद करो।"

विलासचा चांगला हात माझ्या गुडघ्यावर आला. मी पोलिसाकडे पाहिले.

"ताऊ, सुना नहीं? बंद करो, नीचे आओ।"

मी किल्ली मागे फिरवली. इंजिन थांबले. पावसाचे थेंब टपावर पडत होते ते ऐकू येऊ लागले. मी खाली उतरलो. पोलिसाने माझा परवाना पाहिला, वय मोजले, माझ्याकडे पाहिले.

"इस उमर में? जवान बेटा बैठा है।"

"उसका हाथ टूटा है।"

"कल मिलते तो उठा लेते गाड़ी।"

"कल नहीं मिलेंगे।"

त्याने कागद परत केले. "जाओ। रास्ते में खड़े मत होना।"

मी वर बसलो. विलास समोर पाहत होता. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झाले. गुडघ्यावरचा हात त्याने काढून घेतला.

पुढे राजस्थान. दोन्ही बाजूंना बाजरी उभी होती, आपल्यापेक्षा आखूड आणि दाट कणसांची. बहरोड गेले. एनसीआरची हद्द कोटपुतलीच्या अलीकडे संपते, परंतु तिथे पाटी नाही, कमान नाही, काही नाही. विलास फोनवरच्या नकाशात पाहत होता.

"आता," तो म्हणाला. पाच वाजायला आले होते.

मी आणखी दोन किलोमीटर गेलो. मग एका ढाब्यासमोर गाडी घेतली आणि स्वतःहून इंजिन बंद केले. विलास उतरला, बॅटरीचे झाकण उघडले आणि दोन्ही टर्मिनलना बोटांची मागची बाजू लावली. जोड सैल असेल तर तो तापतो.

"गरम नाहीत, आबा."

ढाब्यावर ताक आणि बाजरीची रोटी मिळाली. ती लोक तुपात बुडवतात, आपल्यासारखी कोरडी खात नाहीत. विलासने दोन खाल्ल्या. रोटी मोडून मी दिली.

गावी

तिसऱ्या दिवशी दुपारी गाव आले. त्याविषयी सांगण्यासारखे नाही.

आश्विनात खंडेनवमी आली. विलासच्या हाताचे प्लास्टर निघाले होते. दुकानात पाने, हातोड्या, मीटर मांडले. गाडी दारात उभी केली, झाकण उघडले. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचे फूल त्याने वाहिले. नारळ फोडला आणि पाण्याची करवंटी हातात धरून तो माझ्याकडे पाहू लागला.

"घाल," मी म्हणालो.

त्याने बॅटरीवर शिंपले. नात मांडी घालून शेजारी बसली होती. खोबऱ्याचे ताट उचलून ती प्रसाद वाटायला निघाली.

"थांब," मी तिला म्हणालो. "प्रसाद नंतर."

सुनंदाने गरम पाण्याचा तांब्या आणि वाटीत सोडा आणून ठेवला होता. मी तांब्या नातीच्या हातात दिला.